दोन प्रश्न, दोन उत्तरे : उत्तर आयर्लंडमधील माध्यमिक प्रवेशनिवडीविषयीच्या लोकविचारणेची चिकित्सा

प्रास्ताविक :

प्राथमिक शिक्षणाच्या अखेरीस, वयाच्या अकराव्या वर्षी, मुलाची परीक्षा घ्यावयाची आणि तिच्या निकालावरून त्याने 'ग्रामर स्कूल'मध्ये जावे की सर्वसाधारण माध्यमिक शाळेत हे ठरवावयाचे, ही पद्धत उत्तर आयर्लंडमध्ये १९४७ च्या शिक्षण कायद्याने रूढ झाली. लोकव्यवहारात तिला 'इलेव्हन-प्लस' असे म्हटले जाते. इंग्लंड व वेल्समध्ये या व्यवस्थेचे मूळ १९४४ च्या कायद्यात होते. परंतु १९६५ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने काढलेल्या परिपत्रकानंतर तेथील बहुतेक भागांतून ती मागे पडत गेली. उत्तर आयर्लंडने ती टिकवून ठेवली. ही पद्धत बंद करावी काय, असा प्रश्न तेथील शासनाने २००१-०२ मध्ये घरोघर पत्रके पाठवून नागरिकांना विचारला. प्रस्तुत लेखाचा विषय ती विचारणा हा आहे. निवडपद्धतीच्या गुणदोषांची चर्चा विचारणा समजून घेण्यापुरतीच केली आहे.

पार्श्वभूमी :

सप्टेंबर २००० मध्ये टोनी गॅलाघर आणि ॲलन स्मिथ यांचा निवडपद्धतीच्या परिणामांविषयीचा संशोधन अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातील एक निष्कर्ष विशेष लक्षणीय होता. सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत मुलाला मिळणाऱ्या यशामागे, त्याला ग्रामर स्कूलमध्ये जागा मिळाली होती की नाही, हाच सर्वांत प्रभावी घटक असल्याचे त्यात दिसून आले. म्हणजे गुणवत्ता ओळखण्याचा दावा करणारी परीक्षा पुढील गुणवत्ता काही अंशी स्वतःच घडवीत होती. त्याच वर्षी क्वीन्स विद्यापीठातील जॉन गार्डनर व पामेला कोवन यांनी परीक्षेची विश्वसनीयता तपासली. वरच्या व खालच्या श्रेणींतील गुणांचे अंतर इतके थोडे होते की बऱ्याच मुलांना चुकीची श्रेणी मिळण्याची शक्यता राहत होती.

शिक्षणमंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी गेरी बर्न्स यांच्या अध्यक्षतेखाली पुनर्विलोकन मंडळ नेमले. ऑक्टोबर २००१ मध्ये मंडळाने अहवाल दिला. परीक्षा बंद करावी, शैक्षणिक निवडही बंद करावी, प्रत्येक मुलाची 'विद्यार्थी नोंद' ठेवावी आणि शाळांचे सहकारी गट करावेत, अशा त्याच्या शिफारशी होत्या. त्यानंतर जून २००२ पर्यंत लोकमत मागविण्यात आले. घरोघरच्या पत्रकांना दोन लाखांहून अधिक उत्तरे आली. पंधरा-सतरा लाख लोकवस्तीच्या प्रदेशात हा प्रतिसाद असाधारण म्हणावा लागेल.

ऑक्टोबर २००२ मध्ये निकाल जाहीर झाला. ५७ टक्के उत्तरदात्यांना परीक्षा बंद व्हावी असे वाटत होते. त्याच उत्तरदात्यांपैकी ६४ टक्क्यांना शैक्षणिक निवड राहावी असे वाटत होते.

प्रश्नांची घडण :

या दोन आकड्यांचा मेळ लागत नाही, म्हणून लोकांना विषय समजला नाही, असे मत तेव्हापासून वारंवार व्यक्त झाले आहे. हे मत प्रस्तुत लेखकास मान्य नाही. दोन्ही उत्तरे खरी आहेत. ती दोन वेगळ्या अनुभवांतून आलेली आहेत.

परीक्षा ही पालकांच्या घरातली वस्तू होती. नोव्हेंबरमधील दोन पेपर, त्याआधी वर्षभर चाललेला सराव, फेब्रुवारीत हाती पडणारे श्रेणीपत्र आणि त्यावरील एकाच अक्षराने दहा-अकरा वर्षांच्या मुलाचे स्वतःविषयी बनणारे मत, हे सर्व पालकांनी जवळून पाहिले होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना ते या अनुभवावरून बोलत होते. दुसरा प्रश्न मात्र एका तत्त्वाविषयी होता. 'शैक्षणिक निवड' नाहीशी झाली तर तिच्या जागी काय येणार, हे त्यांनी पाहिलेले नव्हते. शाळांच्या सहकारी गटांची योजना कागदावरची होती. डोळ्यांसमोर होती ती गावातली ग्रामर स्कूल, तिचा निकाल, तिची प्रतिष्ठा. तिचे काय होईल, या शंकेने पालकांनी दुसऱ्या प्रश्नाला उत्तर दिले.

येथे विचारणेचा मूळ दोष दिसतो. दोन्ही प्रश्न एकमेकांपासून सुटे ठेवले गेले. परीक्षा नको पण निवड हवी, असे म्हणणाऱ्या माणसाला मग निवड कशाच्या आधारे करावयाची, हे सांगणे भाग पडले नाही. शिक्षकांच्या मतावर? घराच्या अंतरावर? अंतर हा निकष धरला तर चांगल्या शाळेजवळ घर घेऊ शकणाऱ्याचीच सोय होते. शिक्षकाचे मत धरले तर तोच शिक्षक पालकांच्या दडपणाखाली येतो. प्रत्येक पर्यायाची काही किंमत होती. ती किंमत उत्तरदात्यासमोर ठेवली गेली नाही, त्यामुळे दोन्ही उत्तरे फुकटात मिळाली.

आणखी एक गोष्ट. निकालाची गणना पत्रक भरून परत पाठविणाऱ्यांवर आधारलेली होती. तो काळजीपूर्वक निवडलेला नमुना नव्हता. आपल्याकडे शासन 'हरकती व सूचना' मागविते तेव्हा कोण लिहिते आणि कोण गप्प बसते, हे महाविद्यालयीन शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

तरीही केवळ नमुन्यातील दोष दाखवून ६४ टक्क्यांचा आकडा बाजूला सारता येणार नाही. बहुसंख्य मुले ग्रामर स्कूलमध्ये जात नव्हती. तरी बहुसंख्य उत्तरदात्यांनी निवडीची बाजू घेतली. याचे कारण आशेत आहे. निकाल लागेपर्यंत प्रत्येक पालक ग्रामर स्कूलचा संभाव्य पालकच असतो. १९८९ च्या शिक्षण सुधारणा आदेशाने ही आशा अधिक रुंद केली. त्या आदेशाने शाळांना आपली क्षमता भरेपर्यंत प्रवेश देण्याची मुभा मिळाली. पुढे मुलांची एकूण संख्या घटू लागली, तेव्हा ग्रामर स्कूलचे वर्ग भरलेले राहिले आणि घट इतर माध्यमिक शाळांच्या वाट्याला आली. ज्या शाळेत मूल जाण्याची भीती वाटते ती शाळा दरवर्षी अधिक दुबळी होत जाणे आणि पालकांनी निवडीला अधिक घट्ट धरणे, या दोन्ही गोष्टी एकमेकींना बळ देत होत्या. विचारणा या चक्राच्या आतल्या लोकांना केली गेली. चक्राविषयीचा प्रश्न मात्र पत्रकात दिसत नाही.

निर्णय आणि त्याचे पर्यवसान :

मॅकगिनेस यांनी ११ ऑक्टोबर २००२ रोजी परीक्षा बंद करण्याची घोषणा केली. तीनच दिवसांनी विधानसभा स्थगित झाली. मंत्र्यांनी पहिल्या आकड्याचा आधार घेतला, ग्रामर स्कूलच्या समर्थकांनी दुसऱ्याचा. सिन फेन व एसडीएलपी एका बाजूस, दोन्ही युनियनिस्ट पक्ष दुसऱ्या बाजूस, अशी विभागणी झाल्यावर शिक्षणाचा प्रश्न जुन्या राजकीय रेषेवर जाऊन बसला. कॉस्टेलो कार्यगटाचा अहवाल जानेवारी २००४ मध्ये स्वीकारला गेला. २००६ च्या आदेशाने शैक्षणिक निवडीवर बंदी घातली खरी. पण त्याच वर्षीच्या सेंट अँड्र्यूज करारात, विधानसभा पुन्हा सुरू झाल्यास ही बंदी आपोआप अमलात येणार नाही, अशी तडजोड झाली. मे २००७ मध्ये विधानसभा सुरू झाली. नोव्हेंबर २००८ मध्ये शेवटची शासकीय परीक्षा झाली, आणि पुढे काय करावे याविषयी पक्षांचे एकमत झाले नाही.

या पोकळीत ग्रामर स्कूलनी स्वतःच्या परीक्षा उभ्या केल्या. २००९ पासून एक परीक्षा एक्यूई या संघटनेची, दुसरी जीएल या संस्थेची. पहिली बव्हंशी प्रॉटेस्टंट परंपरेच्या शाळांनी, दुसरी बव्हंशी कॅथलिक शाळांनी स्वीकारली. एक्यूईचे पेपर तीन, त्यांतील उत्तम दोन धरावयाचे, आणि त्यासाठी शुल्क. दोन्ही प्रकारच्या शाळांत अर्ज करावयाचा असेल तर मुलाने दोन्ही परीक्षा द्यावयाच्या. धर्माने दुभंगलेल्या समाजात आता परीक्षाही दुभंगली. ५७ टक्क्यांनी मुलांवरचे ओझे काढा असे सांगितले होते, ६४ टक्क्यांनी निवड राहू द्या असे. दुसरे पाळले गेले. पहिल्याच्या नावाखाली फक्त शासनाने अंग काढून घेतले.

जानेवारी २०२१ मध्ये साथीच्या काळात एक्यूईची परीक्षा रद्द करावी लागली. नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन्ही गटांनी मिळून 'सीग' ही एक सामायिक परीक्षा सुरू केली. महिना पुन्हा नोव्हेंबर आणि पेपर पुन्हा दोन. घेणारे मात्र शासन नसून शाळांचे मंडळ.