सूचक कोण, आणि काय सुचवलं?

मागच्या वेळी आपण अभिधा आणि लक्षणा यांच्यापाशी थांबलो होतो. आज व्यंजनेकडे जायचं आहे. पण ग्रंथ उघडण्याआधी जरा वर्तमानपत्र उघडू या.

'सूचक विधान', 'सूचक मौन', 'सूचक हास्य'. निवडणुका जवळ आल्या की हे शब्द रोज भेटतात. मथळा असतो, अमुक नेत्याचं सूचक विधान. खाली बातमी वाचावी तर विधान दिलेलं असतं, ते कुठल्या समारंभात केलं तेही असतं. त्यातून काय सुचवलं, एवढंच नसतं. आमची तक्रार या वापराबद्दल आहे आणि ती भाषाशुद्धीची नाही.

आडून बोलण्यासाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. त्यांची क्रियापदं बघा. टोमणा मारतात, कोपरखळी मारतात, चिमटा काढतात, शालजोडीतले देतात. सगळी मारामारीच की! जे उघड बोललंच गेलं नाही, त्यालाही आपल्या भाषेने कृती मानलं आहे. टोमणा बसला की नाही, किती बसला, हे सांगता येतं. कोपरखळीला ज्याला बसते तोही हसतो. टोमण्याला हसणारा बहुधा तिसराच असतो.

'इशारा' या फारसीवाटे आलेल्या अरबी शब्दाची गंमत आणखी वेगळी. डोळ्याने इशारा केला, म्हणजे खूण केली. हवामान खात्याने इशारा दिला, म्हणजे सावध केलं. 'करणं' आणि 'देणं' एवढाच फरक, पण 'दिला' म्हटलं की देणाऱ्याला नाव लागतं, आणि चुकला तर जाबही द्यावा लागतो.

आणि 'लेकी बोले सुने लागे'. चार शब्दांत तीन माणसं. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणतील, मी माझ्या लेकीला बोलले, आणि ते शब्दशः खरं असतं. सुनेची अडचण अशी, की उत्तर द्यावं तर 'तुला कुठं काय म्हटलं?' आणि न द्यावं तर लागलेलं तसंच राहतं. इतकं सगळं या म्हणीला ठाऊक आहे. कुणाला लागलं, हे ती स्वच्छ सांगते. मथळ्यातला 'सूचक' हे सांगत नाही. बोलणाऱ्याने अर्ध गिळलेलं असतं, वार्ताहर उरलेलं गिळतो, आणि अंदाज बांधण्याचं काम आपल्यावर येतं. अंदाज चुकला तर चूक आपली.

वास्तविक याच शब्दाचा एक अगदी उलटा संसार आपल्याकडे आहे. हाउसिंग सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त काढून बघा. ठराव, त्याखाली 'सूचक' आणि त्याखाली 'अनुमोदक'. इथला सूचक नावानिशी नोंदवलेला असतो. पाण्याच्या टाकीचा ठराव फसला, तर पुढच्या सभेत त्यालाच धरतात.

आता शास्त्राकडे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिला आणि ध्वनी हा काव्याचा आत्मा ठरवला. गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे, हे नेहमीचं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. प्रवाहावर वस्ती शक्य नाही, म्हणून लक्षणेने काठ घ्यायचा; पण 'काठावर' न म्हणता 'गंगेवर' म्हटल्याने जो गारवा आणि जे पावित्र्य जाणवतं, ती व्यंजना. पुढे अकराव्या शतकात महिमभट्टाने 'व्यक्तिविवेका'त हरकत घेतली. व्यंजना म्हणून वेगळी शक्ती मानण्याची गरज नाही, म्हणाला. धुरावरून अग्नी ओळखावा तसं हे अनुमानच आहे. मम्मटाचं उत्तर असं, की काव्यात हेतू पक्का नसतो, तरीही अर्थ उमगतो; मग ते अनुमान कसं?

कवितेपुरता आमचा कौल मम्मटाला आहे. हेतू पक्का नसणं ही तिथली श्रीमंती आहे. बातमीत मात्र आम्ही महिमभट्टाला बोलावू. अनुमान म्हटलं की 'हेतू दाखवा' असं म्हणता येतं. कुठल्या शब्दावरून, कुठल्या प्रसंगावरून तुम्ही हा अर्थ काढलात? ते लिहा. दाखवता येत नसेल, तर ते विधान सूचक नव्हे, नुसतं मोघम आहे. वर्तमानपत्र कवितेची सवलत मागतं आणि बातमीचा विश्वासही मागतं, हे काही बरं नाही.

पाश्चात्त्यांत पॉल ग्राइस यांनी हा विषय फार बारकाईने मांडला. त्यांचा 'लॉजिक अँड कॉन्व्हर्सेशन' हा निबंध 1975 मध्ये छापला गेला. त्यात एका शिफारसपत्राचं उदाहरण आहे. तत्त्वज्ञानाच्या जागेसाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्याबद्दल प्राध्यापक लिहितात, की त्याचं इंग्रजी उत्तम आहे आणि हजेरी नियमित आहे. संपलं पत्र. वाचणाऱ्याला कळतं.

हे उदाहरण आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं, आणि एकदा केलंही. एका विद्यार्थ्याने एका महाविद्यालयातल्या जागेसाठी पत्र मागितलं. तो कष्टाळू होता, पण विषयात त्याची बुद्धी चालत नाही असं आमचं मत होतं. तसं तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. पत्रात लिहिलं, अक्षर सुवाच्य, वक्तशीर, स्वभावाने मनमिळाऊ. जागा दुसऱ्याला मिळाली.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नात तो भेटला. वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "सर, त्या पत्रात तुम्ही नेमकं काय लिहिलं होतं?" आम्ही म्हणालो, "चांगलंच लिहिलं होतं." एक शब्दही खोटा नव्हता. त्याने क्षणभर आमच्याकडे पाहिलं, "हो सर, ते कळलं होतं" म्हणाला, आणि पानं मांडली होती तिकडे गेला. त्याच्या त्या वाक्याचा हेतू आम्ही अजून शोधतो आहोत.