भाव पडतो की पाडला जातो?
(शरद जोशी यांच्या अर्थविचाराची भाषा)

‘पडणे’ आणि ‘पाडणे’ ही मराठीतील जोडी सर्वपरिचित आहे. पहिले क्रियापद अकर्मक. दुसरे सकर्मक, म्हणून त्याला करणारा लागतो. ‘कांद्याचा भाव पडला’ या वाक्यात भाव हाच कर्ता. पाऊस पडावा तसा तो पडतो, आणि पावसाला कोणी जाब विचारीत नाही. शरद जोशी (१९३५–२०१५) यांच्या लेखनाचे परीक्षण करताना प्रस्तुत लेखकास हा भेद सर्वांत उपयोगी वाटतो. १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभारणाऱ्या जोशींनी वाचकाला ‘पडला’च्या जागी ‘पाडला’ म्हणावयास शिकविले, आणि पाडणाराचे नावही सांगितले : शासन.

शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही, हे शहरी वाचकाचे ठरलेले उत्तर. जोशींचा प्रतिवाद असा की, कर पावतीवर नसला तरी भावात असतो : लेव्हीत, निर्यातबंदीत, साठ्यावरील मर्यादेत. अलीकडचे उदाहरण त्यांच्या बाजूने बोलते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले. भरणारा निर्यातदार, परंतु तो लिलावात बोली लावताना ते शुल्क आधीच वजा करतो. भरणारा एक, सोसणारा दुसरा. पुढे डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात निर्यातच बंद होती, आणि बंदीला तर टक्केवारीही नसते.

या अदृश्य कराला जोशींनी दिलेले नाव मात्र मला पटत नाही. भारताने आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या वाटाघाटींसाठी मांडलेल्या १९८६–८८ या आधारवर्षांच्या हिशेबात शेतीमालाचे वस्तुनिहाय साहाय्य उणे निघाले. त्यावरून ‘उणे सबसिडी’ ही संज्ञा रूढ झाली. संज्ञा अंकगणिताला चोख आहे, पण तिने हातातले शस्त्र बोथट केले. सबसिडी हे दान; उणे दान म्हणजे फार तर न दिलेले दान, असाच सामान्य वाचकाचा समज होतो. ‘कर’ म्हटले असते, तर राज्यघटनेचा २६५ वा अनुच्छेद पुढे आणता आला असता : कायद्याच्या अधिकाराविना कर बसविता येत नाही. जो भार विधिमंडळात कर म्हणून कधी चर्चेलाच येत नाही, तो अधिसूचनेने लादला जातो, हा मर्यादित शासनाच्या पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा होय. स्वतःच्याच संज्ञेने त्यावर पडदा ओढला.

याहून गंभीर आक्षेप पुढे आहे. शासनाविषयी लिहिताना जोशी कर्ता कधी गाळीत नाहीत. बाजाराविषयी लिहू लागले की तो गळतो. खुल्या बाजारात भाव ‘ठरतो’. कोण ठरवितो? व्यापाऱ्याला ते दुय्यम मानतात, आणि गावच्या सावकार-व्यापाऱ्यावर सारा दोष ढकलणाऱ्या प्रचलित मांडणीला त्यांनी दिलेला धक्का आवश्यकच होता. परंतु दुय्यम म्हणजे अनुपस्थित नव्हे. रुमालाखाली बोटे दाबून होणाऱ्या सौद्यात विक्रेत्याला आपल्याच मालाचा भाव ऐकू येत नसे. तेथे भाव पाडणारा होता, आणि तो शासकीय नोकर नव्हता. वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्याच्या बाजारांसाठी कायदा झाला; पुढे १९६३ च्या महाराष्ट्राच्या पणन अधिनियमापर्यंत ही परंपरा आली. उघड लिलाव, वजनाची तपासणी, ठरलेली आडत या गोष्टी त्या नियमनाने आणल्या. याच नियमनातून पुढे मोजक्या परवानेधारकांची मिरास झाली, हेही खरे. जोशींचा राग तेथे रास्तच आहे.

तेव्हा ‘खुला’ या विशेषणाचे दोन अर्थ वेगळे करावे लागतात. ‘खुला बाजार’ म्हणजे शासनापासून मोकळा. ‘खुला लिलाव’ म्हणजे सर्वांसमक्ष झालेला. पहिला शासनाने हात काढल्याने मिळतो, दुसऱ्याला बहुधा कोणाचा तरी हात लागतो. जोशींच्या गद्यात पहिला अर्थ दुसऱ्याचे श्रेय नकळत घेऊन जातो. २०१६ मध्ये महाराष्ट्रात फळे व भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून वगळला गेला, तेव्हा त्याला ‘नियमनमुक्ती’ हे नाव पडले. ‘मुक्ती’ हे उत्तरपद जोडताच नियमन हा केवळ बंध ठरला; आणि समितीच्या आवाराबाहेर झालेल्या सौद्यात वजनकाटा कोणाचा, हा प्रश्न त्या समासात मावला नाही.