धर्म सापडला, देव सापडेना

धर्मांतराच्या ज्या कथा मराठीत लिहिल्या गेल्या, त्यांची घडण बहुधा नदी ओलांडण्याच्या प्रवासासारखी असते. अलीकडच्या तीरावर अंधार, मध्ये संशयाचा खळाळता प्रवाह, आणि बाप्तिस्म्यानंतर पैलतीरी लख्ख उजेड. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' (१८८४) हे या प्रकारचे उत्तम उदाहरण होय. त्याच्या नावातच त्याचा सारा आशय सामावला आहे. परंतु पैलतीर गाठूनही ज्याच्या मनात उजाडत नाही, त्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर अशा कथांतून मिळत नाही. पंडिता रमाबाईंची 'माझी साक्ष' मात्र नेमक्या याच प्रश्नापाशी थांबते, आणि आमच्या मते तिचे खरे महत्त्व यातच आहे.

पुणे-सोलापूर रस्त्याने इंदापूर तालुक्यातील डाळजहून पुण्याच्या दिशेने निघाले, की भिगवण मागे टाकून पुढे दौंड तालुक्यात केडगाव लागते. तेथील मुक्ति मिशनचे नाव या भागात ठाऊक नाही असा मनुष्य विरळा. पण ते उभारणाऱ्या बाईंचे १९०७ साली निघालेले हे छोटेसे आत्मकथन वाचलेली माणसे थोडी. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म तेवढा मिळाला आहे, ख्रिस्त अद्याप मिळालेला नाही.

ही कबुली किती अवघड होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. संस्कृत शास्त्रांत पारंगत, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरविलेली ब्राह्मण विधवा ख्रिस्ती झाली, हाच मिशनरी वाचकांच्या दृष्टीने मोठा विजय. त्या विजयानंतर आपले अंतःकरण रितेच होते, असे छापून सांगण्यात बाईंचा लाभ काहीच नव्हता. फुलहॅम येथे पतित स्त्रियांसाठी भगिनीसंघाने चालविलेले सेवाकार्य पाहून, आणि शोमरोनी स्त्रीशी येशूने केलेले संभाषण ऐकून, त्यांचे मन या धर्माकडे ओढले गेले होते. त्यांच्या बुद्धीला ही शिकवण पटली होती आणि तिच्यातील करुणा त्यांना भावली होती. उणीव होती ती विसाव्याची.

येथे पुस्तकातील एक दोष सांगणे प्राप्त आहे. ही आठ वर्षे 'साक्षी'त फारच भरभर उरकली आहेत. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्रैक्याच्या सिद्धांतावरून आणि चर्चच्या अधिकारावरून बाईंनी केलेला वाद किती तीव्र होता, हे १९७७ साली अ. भि. शहांनी प्रसिद्ध केलेल्या पत्रसंग्रहावरून कळते. त्या पत्रांतील रमाबाई कोणाचेही मत उसने घेत नाहीत. 'साक्षी'तील रमाबाई मात्र मुक्कामी पोहोचल्यावर मागे वळून पाहतात, म्हणून वाटेतील काटे त्यांना लहान दिसतात. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत, असे आम्ही सुचवू.

मग कोडे सुटले कसे? विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हे गृहस्थ दीक्षित पाद्री; इतरांना उपदेश करीत असतानाच, स्वतःच्याच व्यासपीठावर त्यांचे परिवर्तन झाले. म्हणजे हरवलेपण केवळ नवख्याच्या वाट्याला येते असे नाही, ते उपदेशकालाही येते, हे बाईंना दिसले. त्यानंतर त्यांनी नवे प्रमेय शोधले नाही. आपण पात्र झाल्यावर देव भेटेल, ही अट त्यांनी सोडली आणि जे विनामूल्य दिले जाते ते हात पसरून घेतले. शोधणारा आपण नसून शोधला जाणारा आहोत, अशी ही उलटापालट आहे.

मराठी वाचकास हे अपरिचित वाटू नये. बारामती-इंदापूरच्या वाटेने दरवर्षी ज्यांची पालखी जाते, त्या तुकोबांच्या करुणापर अभंगांत हीच व्याकुळता आहे. पंढरीशी नाते जडलेले असूनही विठ्ठल भेटत नाही, ही तक्रार भक्ताचीच असते, नास्तिकाची नव्हे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी हे नाते ओळखले. १८९५ साली बाप्तिस्मा घेऊनही ते अभंग रचीत राहिले, आणि १९१७ साली मिशनची वेतनी नोकरी सोडून पुन्हा शोधाला निघाले. रमाबाईंना मात्र मागील आयुष्यात देवाची एकही खूण दिसत नाही. हा पुस्तकातील दुसरा दोष होय. पण त्याचे कारणही त्याच पानांत आहे. तीर्थयात्रा, व्रते आणि दानधर्म यांत सर्वस्व वेचून त्यांचे आईबाप १८७४ च्या सुमारास दुष्काळात अन्नावाचून गेले. ज्या पोरीने ते डोळ्यांनी पाहिले, तिच्याकडून समतोल न्यायाची अपेक्षा करणे सोपे नाही.

त्यांना देव खरोखर सापडला काय, याचा निवाडा साहित्यसमीक्षेने करू नये. तो तिचा अधिकार नव्हे. सांगणाराचा स्वर खरा आहे की उसना, एवढेच तिने पाहावे. या पुस्तकाचा स्वर खरा आहे. पुढील चरित्रही त्याला पारखे नाही. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी शारदासदनाशी असलेला संबंध सोडला. मुलींवर ख्रिस्ती वळण लादले जात आहे, या त्यांच्या आक्षेपाचा विचार बाईंच्या चाहत्यांनीही केला पाहिजे. तरी बाई डगमगल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून शेकडो अनाथ मुली त्यांनी आणल्या. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा गेली. तरीही मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर १९२२ साली देह ठेवण्यापूर्वी त्यांनी पुरे केले. विसावा मिळाल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत, ही गोष्ट बोलकी आहे.

ज्यांच्या घरी पूजा वा प्रार्थना नेमाने चालते, परंतु ज्यांचे मन कोरडेच राहते, अशी माणसे प्रत्येक धर्मात आहेत. लाजेने ती हे कोणाजवळ बोलत नाहीत, आणि त्या कोरडेपणालाच पाप समजून स्वतःला अधिक छळतात. त्यांनी धर्म बदलावा म्हणून नव्हे, तर एका बुद्धिमान आणि प्रामाणिक बाईने तीच आठ वर्षे काढली होती हे त्यांना कळावे म्हणून, हे पुस्तक त्यांच्या हाती द्यावे.