मेण एक पट, सोनं सोळा पट: 'मानसोल्लास'मधला न जुळणारा आकडा

जुना ग्रंथ हाती आला की आपण एक तर "पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" म्हणून हात जोडतो, नाहीतर "जुनंपुराणं" म्हणून बाजूला ठेवतो. संशोधनात दोन्ही चालत नाही. आज एक ग्रंथ तपासूनच बघू.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने १२व्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात धातूची मूर्ती ओतायची रीत दिली आहे. आधी मेणाची मूर्ती करायची. तिच्यावर मातीचे तीन लेप द्यायचे. मातीत तुसांचा कोळसा, थोडं मीठ आणि आपल्या यवतमाळकरांच्या ओळखीचा कापूस. साचा तापवला की मेण वितळून बाहेर येतं आणि त्या पोकळीत धातू ओततात. वर्णन इतकं नेमकं आहे, की ते कारागिराच्या कामातूनच आलं असावं.

आता आकडे पाहा. मेणाच्या वजनाच्या तुलनेत तांबं-पितळ आठ-दहा पट, चांदी १२ पट आणि सोनं १६ पट घ्यायचं.

मेणाची जागा धातू घेतो, म्हणजे आकारमान तेच. मग वजनाचं गुणोत्तर म्हणजे घनतेचं गुणोत्तर. मधमाशीच्या मेणाची घनता सुमारे ०.९६. त्यावरून तांबं-पितळ साधारण नऊ पट येतं. जुळलं! चांदी ११ पट येते. १२ सांगितली, तर नळीत अडकणाऱ्या धातूची सोय झाली. पण शुद्ध सोनं २० पट लागतं. १६ पटीत साचा भरणारच नाही.

इथे घाईने "ग्रंथ चुकला" लिहू नका. सोन्यात तांबं-चांदी मिसळली की घनता उतरते. १८ कॅरेटच्या सोन्याची घनता साधारण १५.५ असते, म्हणजे गुणोत्तर जवळपास १६! मग ग्रंथातलं 'सोनं' मिश्र होतं का? की ८, १२, १६ ही नुसती लक्षात ठेवायला सोपी चढण आहे? मला दुसरी शक्यताही तेवढीच दमदार वाटते. पहिली तपासायला त्या काळच्या सोन्याच्या मूर्तींची घनता मोजावी लागेल, दुसरीसाठी हस्तलिखितांतले पाठभेद.

ग्रंथाचं मोठेपण यातच आहे: त्याने आकडा दिला, म्हणून तो तपासता येतो. तुमच्या सिनॉप्सिसमधलं गृहीतकही असंच हवं. कुणीतरी वजनकाटा घेऊन यावं आणि ते खोटं पाडून दाखवावं, एवढी जागा त्यात ठेवा.