दूरस्थ यंत्रांवरील लॉग-फाइलींचे संकलन : साधनचिकित्सेच्या दृष्टीने समीक्षा

प्रस्तावना

संगणक-समूह म्हणजे जाळ्याने जोडलेली आणि एकच काम वाटून घेणारी अनेक यंत्रे. त्यांतील प्रत्येक यंत्र आपण केव्हा काय केले याचा वृत्तान्त स्वतःच्या डिस्कवरील लॉग-फाइलीत लिहीत असते. काम बिघडले की कारण शोधण्यासाठी या फाइली दूरस्थ यंत्रांवरून आणाव्या लागतात. पुण्यातील ‘एका’ महासंगणकाने नोव्हेंबर २००७ मध्ये जागतिक यादीत चौथे स्थान मिळविले, ते वेगाच्या निकषावर. परंतु निष्कर्ष चुकला तर तो का चुकला हे वेग सांगत नाही, नोंद सांगते. प्रस्तुत लेखात नोंदी मिळविण्याच्या प्रचलित पद्धती तपासल्या आहेत.

राजवाडे यांचा निकष

वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. मागाहून रचलेल्या बखरीपेक्षा घटनेच्या वेळी लिहिलेले पत्र अधिक विश्वसनीय, हा त्यांचा आग्रह होता. या अर्थाने लॉग-फाइल हे समकालीन साधन आहे. तिच्या अभावी तंत्रज्ञ जे आठवून सांगतो ती बखर होय. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळविली. १९२६ मध्ये धुळे येथे त्यांचे निधन झाले व त्यांचा संग्रह तेथेच जतन झाला. शोधक पोहोचण्यापूर्वी दप्तराला वाळवी लागली तर त्याचे श्रम व्यर्थ जातात. संगणकातील वाळवी तर अधिक त्वरेची आहे.

प्रचलित पद्धतींतील दोष

पहिली पद्धत ओढण्याची. प्रशासक एसएसएचद्वारे एकेका यंत्रात शिरतो आणि एससीपी किंवा आरसिंक वापरून फाइल आणतो. दहा यंत्रांसाठी हे पुरेसे आहे. शेकडो यंत्रांत मात्र कामाचा कोणता भाग कोठे चालला हेच आधी शोधावे लागते. यंत्रच बंद पडले असेल तर मार्ग खुंटतो.

हडूप प्रणालीतील ‘यार्न’मध्ये नोंदी एकत्र करण्याची सोय आहे, पण मूळ मांडणीत ती बंद असते. ती बंद असताना स्थानिक नोंदी १०,८०० सेकंदांनी, म्हणजे ३ तासांनी पुसल्या जातात. रात्री बिघडलेल्या कामाचा पुरावा सकाळी उरत नाही. सोय सुरू केली तरी नोंदी सामान्यतः काम संपल्यावरच सामायिक साठ्यात जातात. तत्पूर्वी डिस्क निकामी झाल्यास सर्वाधिक हवी असलेली नोंदच नष्ट होते.

दुसरी पद्धत ढकलण्याची, म्हणजे यंत्राने नोंद तत्काळ केंद्राकडे पाठविण्याची. पारंपरिक सिसलॉगमध्ये नोंद यूडीपीने जाते व पोच मिळत नाही. त्यामुळे नोंद हरवली, एवढेही कळत नाही.

तोरणमाळचा विचार

१ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात आणि त्यानंतर नंदुरबार जिल्ह्यात असलेले तोरणमाळ हे सातपुड्यातील पठार आहे. तेथे घाट चढून जावे लागते. अशा ठिकाणी समूहाचे एखादे यंत्र ठेवले आणि पावसाळ्यात वाहिनी तुटली, असे कल्पिले तर दोन्ही पद्धतींची मर्यादा स्पष्ट होते. ओढणारा रिकाम्या हाताने परततो. पोच न घेता ढकललेली नोंद वाऱ्यावर जाते. नोंद प्रथम स्थानिक डिस्कवरील रांगेत साठवावी, वाहिनी जुळताच पाठवावी आणि पोच मिळेपर्यंत पुसू नये, हीच रीत तेथे टिकेल. आरसिसलॉगमध्ये ती उपलब्ध आहे. अर्थात, वाहिनी जुळण्यापूर्वी डिस्कच गेली तर तीही अपुरी पडते.

कालनिर्देशाचा प्रश्न

मिळालेली नोंदही चिकित्सेविना स्वीकारता येत नाही. दोन यंत्रांची घड्याळे जुळत नसतील तर कार्य कारणाच्या आधी घडलेले दिसते. ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत नोंदी १८० दिवस राखण्याबरोबरच घड्याळे प्रमाणवेळेशी जुळविण्याचेही बंधन आहे, ते यासाठीच महत्त्वाचे. १८० दिवस आणि ३ तास यांतील अंतर मूळ मांडणीवर विसंबून भरून निघणार नाही.

निष्कर्ष

नोंद आणणे हे बिघाडानंतरचे काम मानले जाते, हाच प्रचलित दृष्टीचा मूलभूत दोष होय. नोंद बिघाडापूर्वीच यंत्राबाहेर पडली पाहिजे. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत चार यंत्रांचा समूह उभारतानाही गणनेआधी नोंदींची व्यवस्था ठरविणे आवश्यक आहे. अन्यथा विद्यार्थ्याच्या हाती साधनाऐवजी बखरच राहील.