जुनी प्रारूपे मोडीत काढायची का?

घाटघरला वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच तालुक्याचे अकोले गाव सहसा हजारही गाठत नाही. जागतिक हवामान-प्रारूपाचा एक चौकोन सुमारे 100 किलोमीटरांचा. त्यात हा फरक सरासरीत बुडतो. उणीव खरीच. पण म्हणून ‘यापुढे संगणकच जुन्या नोंदींवरून शिकेल, भौतिकीची समीकरणे नकोत’ हे म्हणणे आम्हांला पटत नाही. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झालेल्या हवेची नोंद कोणत्या वहीत सापडेल? मानाबे व वेदरल्ड यांनी 1967 साली ऊर्जेच्या हिशेबातूनच दोन अंशांहून अधिक तापमानवाढ काढली. शिकणाऱ्या संगणकाने चौकोनातला घाट जरूर दाखवावा. चौकोनाचा हिशेब मात्र समीकरणांकडेच राहू द्यावा.