हास्यरसाला मिळालेली भिंत

उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात ऑर्चर्ड स्ट्रीटवर बॅजर्स नावाचा पब आहे. त्याच्या बाजूच्या उंच भिंतीवर शाळेच्या गणवेशातली पाच पोरं रंगवलेली आहेत, चार मुली आणि एक मुलगा. एरिन, क्लेअर, मिशेल, ओर्ला आणि जेम्स. यातलं कुणीही खरोखर जन्माला आलेलं नाही. लिसा मॅगी या डेरीच्याच लेखिकेनं लिहिलेल्या 'डेरी गर्ल्स' या विनोदी मालिकेतली ही पात्रं. मालिका चॅनल फोरवर जानेवारी २०१८ मध्ये सुरू झाली आणि दुसरं पर्व यायच्या आधी, २०१९ च्या सुरुवातीला, यूव्ही आर्ट्स या स्थानिक चित्रकारांच्या गटानं ही पाच जणं भिंतीवर आणली.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेसरीचा. भिंत, चौथरा, दगड कुणाच्या वाट्याला येतो हे आमच्या गावातल्या पोराला शिकवावं लागत नाही. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरसेनापती प्रतापराव गुजर नेसरीच्या खिंडीत बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले आणि तिथंच पडले. आदल्या वर्षी उमराणीला त्यांनी याच खानाला हातात आलेला सोडून दिला होता, त्यावर शिवाजी महाराजांचा ठपका आला होता, तो जिव्हारी लागला होता. त्यांच्याबरोबर सहा जण होते असं परंपरा सांगते. पुढं कुसुमाग्रजांनी त्या सातांवर कविता लिहिली, लता मंगेशकरांनी ती गायली, आणि नेसरी हे नाव महाराष्ट्राच्या तोंडी बसलं. खिंडीत स्मारक आहे. गावोगावच्या तालमींच्या भिंतींवर, एसटी स्टँडसमोरच्या डिजिटलवर, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पडद्यावर ते घोडे उधळलेले असतात. आमच्याकडं भिंतीवर जायचं तर आधी मरावं लागतं, तेही तलवार हातात असताना.

त्यामुळं डेरीच्या त्या भिंतीपुढं मनात पहिला प्रश्न आला तो चित्रकलेचा नव्हता. या पोरांनी असं केलं काय, की शहरानं त्यांना एवढं मोठं केलं? मालिका पाहिलेल्याला उत्तर ठाऊक आहे. त्यांनी काहीही केलं नाही. शाळेत शिक्षा भोगल्या, एकमेकींवर उखडल्या, खोटं बोलल्या, पकडल्या गेल्या, घरी येऊन आईची बोलणी खाल्ली. काळ मात्र १९९० च्या दशकाचा, उत्तर आयर्लंडमधला कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्ष अजून मिटायचा होता. पुलावर बॉम्ब सापडलाय म्हणून शहर खोळंबलेलं, शाळेची बस अडवून सैनिक बंदुका घेऊन आत चढतायत, आणि मिशेलचं सगळं लक्ष त्यातला देखणा कोण याच्याकडं. एरिनच्या मावशीला काळजी कसली, तर बॉम्बमुळं त्वचा तांबूस करून घ्यायची आपली वेळ चुकेल याची. मोठ्या इतिहासाच्या मधोमध क्षुल्लक गोष्टींना जिवापाड धरून बसलेली ही माणसं. मालिकेचा सगळा विनोद या धरून बसण्यातून येतो, आणि मला त्यात एक विलक्षण चिवटपणा दिसतो.

पण हे चित्र एकटं पाहिलं तर निम्मंच कळतं. माझी भाची तिकडं नोकरीला आहे. ती म्हणाली, "मामा, आधी तटावरून पूर्ण फिरून या, मग खाली उतरा." तिचं म्हणणं किती नेमकं होतं ते फिरताना उमगलं. डेरीचा दगडी तट १६१३ ते १६१८ या काळात बांधलेला, आजही अखंड, सुमारे दीड किलोमीटर घेराचा, वरून सहज चालता येईल एवढा रुंद. त्याच्या पश्चिमेकडून खाली बघितलं की बॉगसाइड ही कॅथलिक वस्ती दिसते. तिथल्या घरांच्या भिंतींवर टॉम केली, विल्यम केली आणि केविन हॅसन या तिघांनी १९९४ पासून पुढची काही वर्षं एकामागून एक मोठी चित्रं काढली. तोंडावर गॅसचा मुखवटा चढवून हातात पेट्रोल बॉम्ब धरलेला पोरगा, ऑगस्ट १९६९ च्या दंगलीतला. ३० जानेवारी १९७२ चा रक्तरंजित रविवार, ज्या दिवशी ब्रिटिश सैनिकांनी मोर्चातल्या १३ जणांना गोळ्या घालून मारलं आणि चौदावा पुढं गेला. अनेक चित्रं करड्या-काळ्या छटांत, जुन्या वर्तमानपत्रातल्या फोटोंची आठवण देणारी. ही भिंत साक्ष देते. तिला सजावट नको आहे.

त्यातच एक चित्र शाळकरी मुलीचं आहे. ॲनेट मॅगॅव्हिगन, वय १४. ६ सप्टेंबर १९७१ ला रस्त्यात गोळी लागून ती मेली. शाळेतल्या चित्रकलेच्या कामासाठी वस्तू गोळा करायला ती बाहेर पडली होती असं सांगतात. चित्रात ती हिरव्या गणवेशात उभी आहे, पाठीमागं उद्ध्वस्त इमारतीचा पसारा, बाजूला बंदूक आणि वर एक फुलपाखरू. १९९९ मध्ये हे चित्र काढलं तेव्हा चित्रकारांनी बंदूक अखंड ठेवली होती आणि फुलपाखरू बिनरंगाचं. शांतता खरोखर टिकतेय असा भरवसा आल्यावर, २००६ मध्ये, त्यांनी परत येऊन बंदूक मधोमध मोडलेली दाखवली आणि फुलपाखरात रंग भरले. सात वर्षं एक चित्र मुद्दाम अपुरं ठेवायचं आणि ते कधी पुरं करायचं हे गावाच्या नशिबावर सोडायचं, याला केवढा संयम लागत असेल! भिंतीवरच्या चित्रात काळ असा सामील करून घेतल्याचं दुसरं उदाहरण मी पाहिलेलं नाही.

आता तटावरून पूर्वेच्या अंगाला या. ऑर्चर्ड स्ट्रीट तटाच्या लगतच आहे, भिंत वरूनही दिसते. तिथं पुन्हा शाळकरी मुली, पुन्हा हिरवा गणवेश. एकीकडं ॲनेट, जिला चौदाव्या वर्षी थांबावं लागलं. दुसरीकडं एरिन आणि तिच्या मैत्रिणी, ज्यांना त्या वयात मूर्खपणा करायला मिळाला. चित्रकारांच्या मनात हे नातं होतं की नाही यावर मी काही म्हणणार नाही. मालिकेतल्या गणवेशाचा रंगच हिरवा आहे, तेवढं कारणही पुरेसं आहे. पण दोन्ही भिंती एकाच फेरीत पाहिलेल्या माणसाला हा हिरवा रंग विसरता येत नाही. तटाच्या या बाजूला करुण, त्या बाजूला हास्य, आणि चालणारा मधोमध.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरतमुनींनी हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत, स्मितापासून अतिहसितापर्यंत. स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीच्या माणसांचं. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईतो हसणं हे खालच्यांचं. हा रस बहुतेक करून स्त्रियांत आणि नीच प्रकृतीच्या पात्रांत दिसतो असंही तिथं म्हटलं आहे. वीररस मात्र उत्तम प्रकृतीचा. ही उतरंड आपल्या हाडात इतकी मुरली आहे की भिंतींचं वाटपही तिच्याप्रमाणंच होतं. चौक वीराचा, हसणं माजघरातलं. डेरीनं शहराच्या मध्यावरची भिंत तोंडाळ मुलींच्या हाती दिली आणि त्यांना वीरांच्याच मापानं रंगवलं. या चित्रातली खरी प्रतिभा मला या निवडीत दिसते. आकार वीररसाचा, आशय हास्याचा. वीराच्या आकारातून हसू फुटतं, पण कुणाची टिंगल होत नाही, कारण त्या आकाराला या मुली पात्र आहेत असं शहराला मनापासून वाटतं.

चित्र म्हणून त्याची बलस्थानं आणि उणिवा दोन्ही आहेत. साम्य उत्तम साधलंय. पब्लिसिटीच्या छायाचित्राला जवळ जाणारी ही शैली आहे आणि हीच तिची मर्यादाही. बॉगसाइडच्या चित्रांत रचना बोलते; बंदूक, फुलपाखरू, अवशेष यांचं एकमेकांशी नातं जुळवत बसावं लागतं. इथं रचनेपेक्षा ओळख मोठी. मालिका न पाहिलेला माणूस समोर उभा राहिला तर त्याला पाच पोरं दिसतील, फार तर त्यांची नीट उतरलेली तोंडं. पाहिलेल्याला मात्र चेहऱ्यांमागचे स्वभाव ऐकू येतात. सर्शा-मोनिका जॅक्सननं एरिनचा चेहरा इतका वेडावाकडा नाचवला आहे की भिंतीवर तो स्थिर बघताना आता ओठ कुठल्या बाजूला जाणार याची वाट बघत राहावं. निकोला कॉग्लनची क्लेअर, सदा धास्तावलेली. जेमी-ली ओडॉनेलची मिशेल, जिच्या तोंडाला कुलूप नाही. लुइसा हार्लंडची ओर्ला, जी आपल्याच जगात असते आणि तिथं खूष असते. रसिकानं अर्धं चित्र आपल्याबरोबर आणायचं, असा हा करार आहे. भिंतीसमोर लोक येतात, पाचांचे चेहरे करून उभे राहतात, फोटो काढतात, हसतात. स्मारकापुढं आपण चपला काढतो. इथं माणसं सैल होतात.

आणि तरीही हा विनोद हलका नाही. पहिल्या पर्वाचा शेवट ज्यानं पाहिला आहे तो हे मान्य करील. शाळेच्या कार्यक्रमात ओर्ला एकटीच मंचावर पायरीवरची कवायत करते, सगळं सभागृह तिला हसतं. मग मैत्रिणी उठतात, मंचावर चढतात आणि तिच्यासोबत वेड्यासारख्या नाचू लागतात. त्याच वेळी घरी टीव्हीवर बॉम्बस्फोटाची बातमी चालू आहे. एरिनचे आजोबा, ज्यांना आपला जावई कधी पटला नाही, त्या जावयाच्या खांद्यावर हात ठेवतात. कुणी एक शब्द बोलत नाही. नाच आणि बातमी आलटून पालटून दिसत राहतात. दोन्ही एकमेकांना खोडत नाहीत. तटाच्या दोन बाजूंच्या भिंती मला याच दृश्यासारख्या वाटतात. हास्य करुणाला पुसून टाकत नाही, त्याच्या शेजारी जागा मागतं. २०२२ मध्ये संपलेल्या मालिकेनं अखेरचा भागही १९९८ च्या शांतता करारावरच्या मतदानाशी आणून ठेवला, आणि मिशेलचा भाऊ खुनासाठी तुरुंगात आहे हेही तिथंच बोलायला लावलं. हसवणाऱ्या लेखणीनं अवघड प्रश्न टाळला नाही.

नेसरीच्या सातांचा विचार मी त्या रस्त्यावर बराच वेळ करत होतो. प्रतापरावांबरोबरच्या सहांची नावं सांगितली जातात: विसाजी बल्लाळ, दीपोजी राऊतराव, विठ्ठल पिलाजी अत्रे, कृष्णाजी भास्कर, सिद्दी हिलाल, विठोजी शिंदे. चित्रांत त्यांना मिशा आहेत, मंदिल आहेत, ताणलेल्या भुवया आहेत. स्वभाव मात्र एकालाही दिलेला नाही. कोण चिडका, कोण खादाड, छावणीत कुणाची नक्कल कोण करायचं, हे आम्ही कधी विचारलंच नाही. शंकर पाटलांची कथा ज्या जिल्ह्यात पिकली, जिथं पारावरचं प्रत्येक माणूस दुसऱ्याची हुबेहूब नक्कल उतरवू शकतं, त्या जिल्ह्याला हे अशक्य नव्हतं. सहा जणांना स्वभाव दिले तर त्यांचं मरण लहान होणार नाही. उलट काय गेलं ते नीट कळेल. उमराणीपासून नेसरीपर्यंत ही माणसं घोड्यावर होती, जेवत होती, थट्टा करत होती. कुणातरी चित्रकारानं आमच्या एखाद्या भिंतीवर त्यांची ती मधली संध्याकाळ रंगवावी, घोडे सोडलेले, भाकरी हातात, एकजण हसून हसून वाकलेला, असं मला मनापासून वाटतं.

डेरीच्या भिंतीवरच्या पाचव्या चेहऱ्याबद्दल अजून सांगायचं राहिलं. जेम्स हा इंग्लंडमधून आलेला पोरगा. मुलांच्या शाळेत मार खाईल म्हणून त्याला मुलींच्या शाळेत घातलेलं. इंग्रज असणं हाच ज्या गावात गुन्हा, तिथं सतत टोमणे खाऊन तो राहिला. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी तो परत जायला निघतो, तेव्हा मिशेल त्याला सांगते की तू आता डेरी गर्लच आहेस. तो थांबतो. ज्या शहरानं १९७२ मध्ये ब्रिटिश सैनिकांच्या गोळ्या खाल्ल्या, त्या शहराच्या भरवस्तीत एका इंग्रज मुलाचा चेहरा आज उंचावर आहे, गणवेश घातलेला, इतर चौघींच्या बरोबरीनं.